वासरांच्या कवटीची व जबड्याची जन्मजात व्यंगे : कारणे, ओळख आणि उपाय

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या काठी पसरलेला माहूरचा मुलूख डोंगराळ व जंगलाचा आहे. येथील शेती बहुतांशी कोरडवाहू असून कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन ही तिची पिके होत. उतारावरच्या लहान लहान तुकड्यांत बैलाचा आधार अद्याप सुटलेला नाही. या कामास लाल कंधारी जातीचा बैल विशेष उपयोगी पडतो. अंगाने मध्यम, रंगाने गडद तांबडा, उन्हातान्हास टिकणारा व मिळेल त्या वैरणीवर राहणारा हा बैल नांदेड जिल्ह्याचे भूषणच होय. शेजारच्या लातूर भागात देवणी जातीची तीच योग्यता आहे.

अशा गायीच्या पोटी जन्मणारे प्रत्येक वासरू शेतकऱ्याच्या हिशेबात धरलेले असते. सव्वानऊ महिने वाट पाहून गाय विते आणि वासराचा टाळू फाटलेला, जबडा आखूड किंवा कवटी फुगलेली निघते, तेव्हा नुकसान केवळ एका वासराचे होत नाही. गावरान गाय वासरावाचून पान्हा सोडत नाही. म्हणजे वासराबरोबर त्या वेताचे दूधही जाते. डोके मोठे असल्यास वीण अडते व प्रसंगी गायच दगावते. याहून मोठा धोका निराळाच आहे. व्यंगाचे कारण न शोधता ‘दैवाचा कोप’ म्हणून गप्प बसल्यास तेच व्यंग पुढील वेतात, किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात पुन्हा उगवते. म्हणून या व्यंगांची कारणे व त्यांवरील उपाय प्रत्येक पशुपालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

व्यंगांचे मुख्य प्रकार

गर्भाशयात असतानाच अवयवाची घडण बिघडली व तो दोष जन्मतः दिसून आला म्हणजे त्यास जन्मजात व्यंग म्हणतात. डोके व चेहरा यांची पुढील व्यंगे गुरांत आढळतात.

फाटका टाळू : तोंडाची पोकळी व नाकाची पोकळी यांमधील पडदा मध्यभागी जुळत नाही. वासरू आचळ ओढते, पण दूध नाकपुड्यांतून बाहेर येते. काही दूध श्वासनलिकेत उतरते व फुप्फुसदाह होऊन वासरू मरते. कित्येकदा टाळूबरोबर वरचा ओठही दुभंगलेला असतो.

आखूड खालचा जबडा : यास पोपटतोंड असेही म्हणता येईल. गुरांना वरच्या जबड्यात पुढील दात नसतात. त्या जागी कठीण पाटी असते. खालचे दात या पाटीवर टेकतात तेव्हाच गवत तोडता येते. जबडा आखूड असल्यास दात पाटीच्या मागे पडतात. असे वासरू दूध कसेबसे पिते. परंतु चरावयास लागल्यावर मागे पडत जाते.

वाकडे तोंड : नाक व वरचा जबडा एका बाजूस वळलेला असतो. दोष थोडा असल्यास वासरू जगते. अधिक असल्यास श्वास व चर्वण या दोहोंस अडथळा होतो.

डोक्यात पाणी : मेंदूतील पोकळ्यांत द्रव साचून कवटी घुमटासारखी फुगते. कवटीची हाडे पातळ राहतात व त्यांचे सांधे उघडे असतात. अशी वासरे बहुधा मृत जन्मतात किंवा जन्मानंतर लवकर मरतात.

कवटीची फट : कवटीचे हाड मध्यभागी न जुळल्यामुळे मेंदूचे आवरण, प्रसंगी मेंदूही, पिशवीसारखा बाहेर येतो.

एकाक्ष व द्विमुखी वासरू : कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असणारे किंवा दोन तोंडे असणारे वासरू क्वचितच जन्मते. त्याला पाहण्यास गर्दी लोटते, हळदकुंकू वाहिले जाते. यांपैकी दोन तोंडांचे वासरू म्हणजे काही नवल नव्हे. एकाच गर्भाच्या मुखभागाची घडण आरंभी दुहेरी झाल्यामुळे ते तसे जन्मते, व सहसा फार काळ जगत नाही.

चेहरा केव्हा घडतो

गायीचा गर्भकाळ सुमारे २८० ते २८५ दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा व शेळीचा सुमारे १५० दिवसांचा असतो. परंतु डोके व चेहरा यांची मूळ मांडणी या काळाच्या अगदी आरंभी होते. वेगवेगळ्या बाजूंनी वाढणारे कोवळे भाग मध्यभागी येऊन एकमेकांस चिकटतात, आणि ओठ, टाळू, नाक व जबडा तयार होतो. गायीत हे काम पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक उरकते. त्यानंतर हाडे वाढतात व घट्ट होतात. मात्र न जुळलेला भाग पुन्हा जुळत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्या दिवसांत गर्भास अपाय होण्याचे भय सर्वांत अधिक, त्या दिवसांत गाय गाभण आहे हे मालकास ठाऊकच नसते. म्हणून गाय भरविल्याची किंवा कृत्रिम रेतन केल्याची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवावी व तेव्हापासूनच ती गाभण आहे असे समजून तिची निगा राखावी.

पहिले कारण : रक्ताचे नाते

प्रत्येक जनावरास आनुवंशिक घटकांचा, म्हणजे जनुकांचा, एक संच पित्याकडून व एक मातेकडून मिळतो. काही सदोष जनुके सुप्त असतात. त्यांची एकच प्रत असल्यास जनावर बाहेरून निर्दोष दिसते; पण ती पुढील पिढीस देऊ शकते. पिता व माता या दोघांकडून तीच सदोष प्रत आली तरच व्यंग प्रकट होते. अशा जोडप्याच्या संततीत सरासरीने चारांत एक वासरू सव्यंग निघते.

समजा, गावातील एका वळूच्या अंगी असे एक सुप्त जनुक आहे व गावच्या गायी त्या दोषापासून मुक्त आहेत. पहिल्या पिढीत सर्व वासरे निर्व्यंग जन्मतील. मात्र त्यांतील निम्म्या कालवडींत ते जनुक उतरलेले असेल. पुढे याच कालवडी वयात येऊन त्याच वळूकडून फळल्या, तर निम्म्या कालवडींच्या चारांत एक, म्हणजे एकूण आठांत एक वासरू सव्यंग होईल. कोणी म्हणेल, ‘हा वळू सात वर्षे गावात आहे, कधी दोष दिसला नाही, मग आताच का?’ त्याचे उत्तर या हिशेबात आहे. दोष पहिल्यापासूनच होता. तो प्रकट होण्यासाठी वळूची गाठ स्वतःच्याच मुलींशी पडावी लागली.

आयर्लंडमधील डेक्स्टर नावाची लहान चणीची गाय या बाबतीत बोध देणारी आहे. या जातीचे आखूड पायांचे नर व मादी एकत्र आणल्यास सरासरीने चारांत एक गर्भ चपट्या नाकाचा, फुगलेल्या कवटीचा व अतिशय आखूड पायांचा होतो आणि मृतच बाहेर पडतो. आखूड पाय दिसावयास सुबक, म्हणून लोकांनी ते निवडले. पण त्याच जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या की वासरू मरते. २००७ साली हे जनुक शास्त्रज्ञांनी ओळखले. त्यामुळे आता तपासणी करून जोड्या लावता येतात.

माहूर परिसरातील वाड्या-तांड्यांवर अनेक ठिकाणी गुरे एकत्र रानात चरतात. कळपात एखादाच वळू असतो, आणि कित्येकदा तो देवाच्या नावाने सोडलेला असतो. त्यास कोणी खच्ची करीत नाही, विकत नाही व हलवीतही नाही. श्रद्धेचा मान राखूनही येथे विचार करावयास हवा. दोन गावांनी आपसांत वळूंची अदलाबदल केली, तर देवाच्या वळूचा अवमान होत नाही. उलट दोन्ही गावांच्या कळपांत नवे रक्त येते. वळूच्या पहिल्या कालवडी माजावर येऊ लागण्यापूर्वी, म्हणजे सुमारे ३ वर्षांच्या सेवेनंतर, त्यास त्या गावातून हलविणे हाच साधा नियम होय.

दुसरे कारण : वैरणीतील उणीव

१९३३ साली अमेरिकेतील टेक्सास येथे फ्रेड हेल या संशोधकाने एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. अ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवलेल्या डुकरिणीस ११ पिले झाली; त्यांपैकी एकासही डोळ्यांची बुबुळे नव्हती. पुढे अशा पिलांत फाटके ओठ व फाटके टाळूही दिसून आले. आहार पुरेसा दिल्यावर मात्र डोळस पिले जन्मली. जन्मजात व्यंग केवळ रक्तातूनच येते असे नव्हे, मातेच्या आहारातूनही येऊ शकते, हे या प्रयोगाने जगास पटवून दिले.

मराठवाड्यातील शेतकऱ्यास हा धडा विशेष लागू आहे. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते तो पदार्थ हिरव्या पाल्यात भरपूर असतो. वाळलेल्या, उन्हात पांढऱ्या पडलेल्या कडब्यात तो जवळजवळ नसतो. पावसाळ्यात साठविलेल्या जीवनसत्त्वावर गाय काही महिने निभावते. परंतु दुष्काळात मार्गशीर्षापासून मृगापर्यंत केवळ कडबा व वाळले गवत मिळाल्यास हा साठा संपतो. अशा गायीची वासरे दुबळी किंवा आंधळी जन्मू शकतात. येथे दोष कवटीचाच असतो. कवटीची हाडे योग्य रीतीने न घडल्यामुळे डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूची वाट अरुंद होते, तंतू चेपला जातो व दृष्टी जाते.

यास्तव गाभण गायीस उन्हाळ्यातही रोज थोडा तरी हिरवा चारा मिळावा. विहिरीच्या पाटावर किंवा मोरीच्या पाण्यावर एखादा गुंठा लसूणघास अथवा हत्तीगवत लावता येते. बांधावर शेवरी, हादगा व शेवगा लावल्यास त्यांचा पाला उपयोगी पडतो. यांखेरीज मोठ्या जनावरास रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. त्यातील जस्त, मँगनीज इत्यादी क्षार हाडांच्या घडणीस आवश्यक असतात.

तिसरे कारण : वनस्पती, औषधे व रोग

अमेरिकेतील आयडाहो प्रांताच्या डोंगरांत चरणाऱ्या मेंढ्यांना पूर्वी एकाक्ष व माकडतोंडी कोकरे होत. हा रक्तातील दोष असावा असा तर्क होता. तेथील शेती खात्याच्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या मध्यास गर्भार मेंढ्यांवर प्रयोग करून खरे कारण शोधले. मेंढी फळल्यापासून सुमारे चौदाव्या दिवशी तिने एक विशिष्ट रानवनस्पती खाल्ली, तर कोकराचा चेहरा बिघडत असे. इतर दिवशी खाल्ल्यास तसे होत नसे. त्या दिवसांत मेंढ्या त्या कुरणापासून दूर ठेवणे एवढाच उपाय पुरेसा ठरला. ही वनस्पती माहूरच्या रानात नाही. परंतु बोध येथेही लागू पडतो. एकाच हंगामात एकाच रानात चरलेल्या, भिन्न वळूंकडून फळलेल्या अनेक जनावरांना सारखेच व्यंग झाल्यास रक्ताऐवजी चारा, औषध वा रोग यांचा शोध घ्यावा.

औषधांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जंतांवर दिले जाणारे अल्बेंडॅझोल हे औषध गायीस गर्भारपणाच्या पहिल्या ४५ दिवसांत व शेळी-मेंढीस पहिल्या महिन्यात देऊ नये. त्याने गर्भास अपाय होऊ शकतो. कळपास सरसकट औषध पाजताना नुकतीच भरविलेली जनावरे वेगळी काढावी व त्यांच्यासाठी पशुवैद्यकाकडून निराळे औषध घ्यावे. कपाशीवर कीटकनाशक फवारल्यानंतर बांधावरील गवत गाभण जनावरास कापून घालणेही धोक्याचे आहे.

काही विषाणू डास व चिलटे यांच्याद्वारे गाभण जनावरात शिरतात व गर्भाचा मेंदू, सांधे व जबडा बिघडवितात. २०११ साली जर्मनीतील श्मालेनबर्ग या गावी असा एक नवा विषाणू सापडला. त्यानंतरच्या विणीच्या हंगामात युरोपातील अनेक कळपांत वाकड्या पायांची व आखूड जबड्यांची कोकरे व वासरे जन्मली. पावसाळ्यात गोठा कोरडा ठेवणे, शेणखड्डा दूर नेणे व संध्याकाळी धूर करणे या जुन्या रीती या दृष्टीनेही हितावह आहेत.

ग्रहणाविषयीची समजूत

फाटका ओठ ग्रहणामुळे होतो, अशी समजूत गावोगावी आहे. १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण मराठवाड्यातही दिसले. त्या दिवशी या प्रदेशात असंख्य गायी, म्हशी व शेळ्या गाभण होत्या आणि त्या सर्वांवर सारखीच सावली पडली. ग्रहण हे कारण असते, तर त्या सर्वांच्या पिलांत दोष दिसावयास हवा होता. शिवाय ग्रहण नसलेल्या वर्षांतही अशी वासरे जन्मतातच. गाभण गाय त्या दिवशी गोठ्यात बांधल्याने कोणतेही नुकसान नाही. परंतु ग्रहणावर दोष ढकलून वळू व वैरण यांकडे दुर्लक्ष करणे मात्र नुकसानीचे आहे.

वीण व त्यानंतरची दक्षता

पाणमोट फुटल्यावर दोन तासांत वीण पुढे सरकली नाही, तर पशुवैद्यकास बोलवावे. राज्यात १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते. चार-सहा माणसांनी दोर लावून वासरू ओढणे हा प्रकार टाळावा. डोक्यात पाणी झालेले वासरू ओढून निघत नाही. गर्भाशय मात्र फाटते. पशुवैद्यक त्या डोक्यातील द्रव काढून गायीस वाचवू शकतो.

वासरू जन्मल्यावर नाक-तोंड पुसून मोकळे करावे. नंतर नखे कापलेले व स्वच्छ धुतलेले बोट तोंडात घालून टाळूवरून पुढून मागे फिरवावे. निरोगी टाळू खरबरीत पण अखंड लागतो. फट असल्यास बोटास लगेच समजते. खालचे दात वरच्या पाटीवर टेकतात की नाही, डोळे प्रकाशास मिटतात की नाही व माथा मऊ तर नाही, हेही पाहावे. या तपासणीस दोन मिनिटे पुरतात.

व्यंग किरकोळ असल्यास वासरास वाढविता येते. चीक पहिल्या दोन तासांत मिळावा व पहिल्या दिवसभरात एकूण चीक वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जावा. टाळू फाटलेल्या वासरास बाटलीने घाईघाईने पाजू नये. त्यास नळीने पाजण्याची रीत पशुवैद्यकाकडून शिकून घ्यावी. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत अशा वासरांची तपासणी करून शस्त्रक्रियेचा सल्ला घेता येतो. जे वासरू गिळू वा श्वास घेऊ शकत नाही, त्याच्या यातना लांबवू नयेत. पुढील निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. उपासमारीने मरू देणे ही दया नव्हे.

जगलेले सव्यंग जनावर पैदाशीस कधीही वापरू नये. गोऱ्हा असल्यास खच्ची करावा. तो औताच्या कामी येऊ शकतो. जन्मतारीख, व्यंगाचा प्रकार, वळूचे नाव किंवा रेतमात्रेचा क्रमांक व गायीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहून दवाखान्यात कळवावे. एकाच वळूच्या दोन-तीन वासरांत सारखा दोष दिसला, तर तो वळू त्वरित पैदाशीतून बाद करावा. हे लपविण्याने घराची अब्रू राहत नाही. शेजाऱ्याचे मात्र नुकसान होते.

वळू विकत घेताना

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा अन्य बाजारात गोऱ्हा घेताना रंग, वशिंड व चाल सर्वजण पाहतात. त्याबरोबर त्याचे ओठ उघडून दात पाटीवर बरोबर टेकतात का, नाकपुड्या सारख्या आहेत का व चेहरा समोरून सरळ आहे का, हेही पाहावे. त्याची आई व भावंडे पाहता आल्यास उत्तमच. गोऱ्हा आपल्याच गावच्या जुन्या वळूचा वंशज नसावा. कृत्रिम रेतन करविताना आपल्या जातीच्या वळूची रेतमात्रा मागावी, वळूचा क्रमांक टिपावा व त्याच वळूच्या मुलीस तीच मात्रा भरवू नये.

शेतकऱ्याच्या घरातील मूल

हीच निसर्गाची रीत माणसासही लागू आहे. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एक मूल दुभंगलेल्या ओठाचे वा टाळूचे जन्मते. यात मातेचा काही अपराध नसतो. ग्रहणात भाजी चिरली म्हणून सुनेस बोल लावणे अन्यायाचे आहे. ओठावरील शस्त्रक्रिया साधारणपणे ३ ते ६ महिन्यांच्या वयात व टाळूवरील सुमारे ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. त्यानंतर मूल नीट पिते, बोलते व शाळेत जाते. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होऊन अशा व्यंगांवर विनामूल्य उपचारांची तरतूद आहे. त्यासाठी आशाताई किंवा ग्रामीण रुग्णालय यांच्याकडे लवकर जावे.

कवटी न घडणे किंवा तिच्यात फट राहणे यांसारखी व्यंगे बऱ्याच अंशी टाळता येतात. गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत स्त्रीने फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा रोज घ्यावी. मामा-भाचीसारख्या जवळच्या नात्यातील विवाहात सुप्त दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो, हेही सोयरीक जुळविताना ध्यानी घ्यावे.

सारांश

गाय भरविल्याची तारीख लिहावी. वळू ३ वर्षांनी बदलावा. उन्हाळ्यात हिरवा चारा व खनिज मिश्रण द्यावे. नुकत्याच फळलेल्या जनावरास विचारल्यावाचून औषध पाजू नये. प्रत्येक वासराचा टाळू व जबडा जन्मतःच तपासावा. आणि व्यंग दिसल्यास ते न लपविता नोंदवावे. यांपैकी एकाही गोष्टीस फारसा पैसा लागत नाही. जनावराचे सर्वच दोष टळतील असे नाही. परंतु जे टळण्यासारखे आहेत ते टाळणे शेतकऱ्याच्या हाती आहे, व त्यातच त्याच्या गोठ्याचे आणि लाल कंधारीसारख्या अस्सल जातीचे हित आहे.